व्हीटीचं दगडी जंगल

गोंदियाहून सुटलेली विदर्भ एक्स्प्रेस सकाळी व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, लागली. सोबतचे प्रवासी लोकलकडे पळाले. मी बाहेर येऊन मान वर केली आणि थैली तिथंच खाली ठेवली. आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात दिवसभर जिप्सीत हाडं खिळखिळी करावीत, तेव्हा कुठे एखादं शेपूट दिसतं. इथे फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, आणि मुंबईकर ढुंकून बघत नाही!

सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराने ही जोडी घडवली. १७९९ साली टिपूचं श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडलं, त्या विजयाच्या पदकावर सिंहाने वाघाला लोळवलंय. इथे दोघांना सारखी उंची मिळाली. हा मोठेपणा की मखलाशी? मी मखलाशीच म्हणेन. वर घुमटावर मशाल आणि चाक घेऊन ‘प्रगती’ उभी आहे. कुणाची, ते विचारू नये.

हे सगळं आधी कागदावर अवतरलं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. पण इमारत उभी राहण्याआधीच, १८७८च्या सुमारास, अ‍ॅक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकाराने ती जलरंगात अशी रंगवली, की राजवाडा तयारच आहे असं वाटावं. बांधून पूर्ण व्हायला पुढे दहा वर्षं लागली.

माझा जीव मात्र बारक्या प्राण्यांत अडकला. खिडक्यांच्या कमानींत पिसारा फुलवलेले मोर, कोपऱ्यांत माकडं, घुबडं, पानांच्या जाळीत खारी. कितीतरी नक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स त्याच काळात, १८७२ ते १८८५, विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून घेत होते. तिथल्या हत्ती-हंसांवर बसलेली नजर इकडे कामी आली असणार, असा माझा तर्क. सिंह-वाघांना साम्राज्याचा निरोप सांगायचा होता. खारीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून ती जिवंत वाटते.

"काय बघता भाऊ, कबुतरं?" एका हमालाने विचारलं. मी घुबड दाखवलं. तो क्षणभर थांबला, "आयला, हे कधी बसलं?" म्हणाला आणि गिऱ्हाईकामागे धावला.

आत लोकलच्या तिकिटांचा हॉल. छतावर सोनेरी तारे, खाली संगमरवरी खांब आणि त्यांच्या माथ्यांवर कोरलेली पानं-फुलं. रांगेतल्या माणसाला वर बघायला फुरसत नाही. त्याची फास्ट लोकल निघून जाईल.

२००४ साली युनेस्कोने हे स्थानक जागतिक वारशात घेतलं. गावाकडून येणाऱ्यांनी गाडीतून उतरल्याबरोबर दादर-परळ गाठायची घाई करू नये. समोर महापालिकेच्या बाजूला जाऊन उभं राहावं. ती इमारतही स्टीव्हन्सचीच. दुर्बीण असेल तर आणावी, आणि दहाच्या आत यावं. नंतरची गर्दी उभं राहू देत नाही.