उतरणारीं विमानें

कुर्ल्यास राहणाऱ्या माणसाला विमानाचें पोट जितकें परिचित असतें, तितकें त्याचें तोंड नसतें. वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. आणि विमानाला उतरावयाचें तें वाऱ्याला तोंड देऊनच. म्हणून बहुतेक दिवस येणारीं विमानें आमच्या गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या कुरडयांवर क्षणभर सावली धरून, विमानतळाकडे उतरत जातात. निघणारीं मात्र पलीकडे जुहूवरून समुद्राकडे जातात. म्हणजे कुर्लेकरास येणारे सारे दिसतात; जाणारा कोणी दिसत नाहीं. इतकीं वर्षें ही गोष्ट माझ्या ध्यानीं आली नव्हती. गेल्या श्रावणांत माझी कन्या परदेशीं शिकावयास गेली, तेव्हां आली.

परदेशीं जाणारीं मुलें माझ्या घराला नवीन नव्हतीं. अमेरिकेची वकिलात २०११ सालीं ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलांत आली, आणि आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला धर्मशाळेची कळा आली. सांगलीचा मेहुणा, सोलापूरची मावसबहीण, कोणाचा तरी व्याही. ज्याच्या त्याच्या मुलाला व्हिसाची मुलाखत. मुलगा पहांटे उठून कडक इस्त्रीच्या सदऱ्यांत फायलींतले कागद पुनःपुन्हां मोजतो, आई हातावर दही घालते, आणि ज्या बापानें आदल्याच महिन्यांत चाळीस लाखांच्या कर्जावर सही केली, तो दाराशीं रिक्षावाल्याशीं वीस रुपयांसाठीं हुज्जत घालतो! हें सारें मी गंमतीनें पाहत असें.

बँकेंतल्या टेबलाशीं माझ्यावर वेळ आली तेव्हां ती गंमत सरली. मुलीच्या कर्जाला तारण म्हणून हें घर लावावयाचें होतें. अधिकाऱ्यानें कागद पुढें केला, आणि माझा हात थांबला. पत्नीला वाटलें, घराच्या काळजीनें मी कचरलों. मीं तो समज राहूं दिला. कारण खरें कारण सांगण्याजोगें नव्हतें.

१९८२ च्या मार्चांत मलाही परदेशच्या एका विद्यापीठाचें प्रवेशपत्र आलें होतें. वडील इथल्या स्वदेशी गिरणीच्या विणखात्यांत जॉबर होते. जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि घरांत दोन महिने पगार नव्हता. पुढचें सांगावयास नको. ज्यांच्या घरीं तो संप शिरला त्यांना तें ठाऊक आहे. मीं पत्र ट्रंकेंत ठेवलें आणि मिळाली ती नोकरी धरली.

मौज अशी कीं, ही गिरणी जमशेटजी टाटांनीं १८८६ सालीं मोडकळीस आलेली असतां विकत घेतली आणि तिचें नांव ‘स्वदेशी’ ठेवलें. आणि त्याच गृहस्थांनीं १८९२ सालीं, आपल्या मुलांनीं परदेशीं जाऊन उच्च शिक्षण घ्यावें म्हणून एक निधि काढला. तो दान देत नाहीं, कर्ज देतो: शिकून आलेल्यानें तें फेडावें आणि त्या पैशांवर पुढच्यानें जावें. ‘स्वदेशी’च्या धन्याला परदेशी विद्येचें वावडें नव्हतें, हें मला फार आवडतें. पण असा निधि आहे हें मला कळलें तें चाळिशी उलटल्यावर. वडिलांना तर कधींच कळलें नाहीं. ज्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घराचें घड्याळ लावलें जाई, तिच्या मूळ धन्यानें हें दुसरें काय करून ठेवलें होतें याची आम्हांला वार्ताही नसावी! यांत दोष कोणाचाच नव्हता. आतां तो भोंगाही नाहीं. गिरणी बंद पडल्यालाही वीस वर्षांवर झालीं.

तर माझा हात थांबला तो मत्सरानें. पोटच्या मुलीचा मत्सर! मनांत तो किती वेळ होता तें मोजलें नाहीं. पण सही अशी वांकडी आली कीं अधिकाऱ्यानें ती दुसऱ्यांदा करावयास लावली.

जाण्याच्या आदल्या रात्रीं मसाल्यांच्या पुड्या आणि औषधें बॅगेंत भरणें चाललें होतें, आणि मीं उगाच आनंदीबाई जोश्यांची गोष्ट काढली. १८८३ सालीं, अठरा वर्षांच्या असतां, नवऱ्याला मागें ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. १८८६ त फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यास वारल्या. मला सांगावयाचें होतें तें त्यांच्या धैर्याविषयीं. पण गोष्ट शेवटाकडे येतां येतां पत्नीनें माझ्याकडे असें पाहिलें कीं मी पाण्याचा तांब्या आणावयास उठलों.

स्वयंपाकघरांत कन्या मागोमाग आली. म्हणाली, “बाबा, तुमचं ते पत्र मी पाहिलंय. ट्रंकेतलं. दहावीला होते तेव्हा.”

“म्हणूनच मी अर्ज केला,” असें ती पुढें म्हणती, तर तें कादंबरींत शोभलें असतें. ती म्हणाली, “तुम्ही कधी दाखवलं का नाही?”

मीं तांब्या भरला. उत्तर अजून दिलेलें नाहीं.

हल्लीं संध्याकाळीं मी गच्चीवर जातों. त्या वेळीं तिच्याकडे सकाळ असते, आणि कॉलेजला निघतां निघतां ती फोन करते. परवां बोलतां बोलतां डोक्यावरून एक विमान इतकें खालून गेलें कीं आम्हां दोघांचेंही बोलणें बुडालें. ती थांबली. मग तिनें विचारलें, “गेलं का?”

मीं म्हटलें, “आलं.”