अंगाचें वजन

रेल्वेच्या फलाटावर पूर्वीं वजनाचें एक यंत्र असे. त्यावर दिवे लुकलुकत, आंत एक रंगीत चक्र गरगर फिरे, आणि पोटांत नाणें पडलें कीं क्षणभर घरघरून तें एक जाडसर तिकीट बाहेर टाकी. त्या तिकिटाच्या एका बाजूला आपलें वजन छापलेलें असे आणि दुसऱ्या बाजूला आपलें भविष्य. लहानपणीं नाशिकरोडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असतां वडिलांच्या मागें लागून मीं अशीं कितीतरी तिकिटें मिळविलीं. त्या वयांत माझी अशी समजूत होती कीं, या दोन बाजूंचा एकमेकींशीं कांहींतरी संबंध असलाच पाहिजे. इतकें वजन, म्हणून इतकें भविष्य. पुढें चार बुकें शिकल्यावर ही समजूत मीं हसण्यावारी नेली. आतां पन्नाशी उलटल्यावर मला वाटूं लागलें आहे कीं, तें यंत्र माझ्याहून शहाणें होतें.

असें वाटण्यास एक कारण घडलें. आमच्या इंदिरानगरांत जॉगिंग ट्रॅक आहे. पहाटेपासून तेथें माणसांची रीघ लागते. कोणी डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून येतो, कोणी बायकोनें सांगितलें म्हणून, आणि कोणी पेन्शन सुरू झाल्यावर दुसरें कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं म्हणून. मी दुसऱ्या वर्गांतला. गेल्या हिवाळ्यांत तेथें माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी. ए.च्या वर्गांत ती पहिल्या बाकावर बसे, आणि तिचें इंग्रजी वाचन ऐकून मला स्वतःच्या उच्चारांची लाज वाटे.

तिची हकीकत चार फेऱ्यांत समजली. एका कंपनीच्या रिसेप्शनवर ती सहा वर्षें होती. रागावून आलेला माणूसही तिच्या टेबलापासून हसत परत जाई, अशी तिची ख्याती. मग मूल झालें, अंगानें ती सुटली, थायरॉईडची गोळी मागें लागली. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर गेली तेव्हां तिच्या जागीं दुसरी मुलगी बसली होती, आणि तिची खुर्ची आंतल्या खोलींत, कपाटांच्या मागें हलविलेली होती. काम तेंच, फोन घेण्याचें. आवाज हवा होता, चेहरा नको होता. पगार कमी झाला नाहीं. परंतु पुढें दोन वर्षें बढतीच्या यादींत तिचें नांव आलें नाहीं. कारण विचारलें तेव्हां साहेब मोठ्या आपुलकीनें म्हणाले, "जरा फिट व्हा, मग पाहूं."

"सर," ती मला म्हणाली, "मी दुसरीकडे अर्ज करतें आहें. तुमचें शिफारसपत्र हवें आहे. त्यांत मी उत्साही आहें, एवढें मात्र आठवणीनें लिहा."

"अग, तें काय, कोणीही लिहील," मी म्हणालों.

"तसें नाहीं, सर. मला नुसतें पाहून लोकांना तें खरें वाटत नाहीं."

एवढें बोलून ती पुढें गेली. चालण्यांत ती माझ्याहून पुष्कळ जलद होती, हें येथें नमूद करणें जरूर आहे.

घरीं येऊन पत्र लिहावयास बसलों, पण दोन ओळींपुढें हात सरेना. मनांत एक जुनी गोष्ट वर येऊं लागली. कांहीं वर्षांपूर्वीं प्राध्यापकाच्या एका जागेसाठीं झालेल्या मुलाखतींत समितीचा सभासद म्हणून मी बसलों होतों. शेवटीं दोन उमेदवार उरल्या. दोघींनींही वर्गापुढें शिकवून दाखविलें. त्यांपैकीं एक अंगानें चांगलीच स्थूल होती. दोन जिने चढून आल्यानें तिला धाप लागली होती. तिनें कपाळावरचा घाम टिपला, पाणी मागितलें, आणि मग सुरुवात केली. कवितेचा अर्थ मुलांच्याच तोंडून काढून घेण्याची तिची हातोटी अशी होती कीं, मागच्या बाकावरचीं मुलेंसुद्धां हात वर करूं लागलीं. दुसरीनें नीटनेटकें, पाठ केलेलें व्याख्यान दिलें. निवड दुसरीची झाली.

आमच्या कागदावर 'व्यक्तिमत्त्व' नांवाचा एक रकाना होता. ज्ञान आणि अध्यापन या रकान्यांत मीं पहिलीला अधिक गुण दिले होते. या एका रकान्यांत दहांपैकीं तीन दिले, आणि माझ्या कागदापुरती तेवढ्यानें बेरीज फिरली. इतरांच्या कागदांवरही असाच कांहीं प्रकार झाला असावा. 'लठ्ठ' हा शब्द त्या खोलींत कोणीही उच्चारला नाहीं. ती निघून गेल्यावर एकजण फक्त तिच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "टिकली म्हणायची!" सारे हसले. मीही हसलों. आपण कांहीं अन्याय केला असें त्या दिवशीं मला क्षणभरही वाटलें नाहीं, आणि या हकीकतींतील खरी लाजिरवाणी गोष्ट हीच होय.

वास्तविक मराठी भाषा वजनाच्या बाबतींत मोठी उदार आहे. मोठ्या माणसाला आपण भारदस्त म्हणतों, वजनदार म्हणतों. त्याच्या शब्दाला वजन असतें, आणि वेळप्रसंगीं तो आपलें वजन खर्चही करतो. पगार लठ्ठ असला तर त्याला कोणी पहाटे फिरावयास पाठवीत नाहीं. कचेरींतला कागद जागचा हलत नसेल तर त्यावर वजन ठेवावें लागतें. आणि गंमत अशी कीं, वजन ठेवल्यावरच तो उडूं लागतो. संस्कृतांत 'गुरु' या शब्दाचा अर्थच जड. तेव्हां आमचा तर सारा धंदाच वजनावर उभारलेला. विद्येचा आरंभ ज्याच्या नांवानें करावयाचा तो देवही लंबोदर. असें असतां नोकरीच्या उंबरठ्यावर तेंच वजन दोष कसा ठरतें?

याचें उत्तर मला माझ्याच पोटाकडे पाहून सांपडलें. विभागप्रमुख झाल्यापासून माझा कमरेचा पट्टा तीन भोकें पुढें सरकला आहे. त्याबद्दल मला कोणी आंतल्या खोलींत बसविलें नाहीं. उलट 'सर आतां प्राचार्य म्हणून शोभतील' असें लोक म्हणतात. पुरुषानें पद मिळाल्यावर वाढविलेलें पोट हें पदाचें भूषण. पद मिळण्यापूर्वींचें पोट हा त्याचा आळस. आणि बाईचें पोट हें, पद असो वा नसो, तिच्या बेशिस्तीची खूण. तराजू एकच, पण मापें तीन आहेत.

हीं मापें नुसतीं मनांत राहत नाहींत. नियमांच्या कागदावरही उतरतात. 'हवाई सुंदरी' हा आपला शब्दच पाहा. नोकरीला नांव देतांनाच आपण रूपाची अट घालून ठेवली. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिलें गर्भारपण येतांच नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं ती अट रद्द केली. पण तराजू सुटला नाहीं. वजन अधिक म्हणून उड्डाणावरून उतरविलेल्या हवाई सुंदरींचे अर्ज दिल्ली उच्च न्यायालयानें २००८ सालीं फेटाळले, आणि २००९ च्या जानेवारींत एअर इंडियानें त्याच कारणावरून नऊ-दहा जणींना कामावरून काढलें. पुढें २०१४ सालीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आला. किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. त्याची साधारण मर्यादा या नियमानें पुरुषांना २५ आणि स्त्रियांना २२ अशी ठरविली. एकशें पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हा फरक आठ किलोंचा होतो. विमान एकच, दार एकच, प्रवासीही तेच. पण पुरुषाला आठ किलोंची सूट.

संकटकाळीं दार उघडून प्रवाशांना बाहेर काढावयाचें तर अंग चपळ हवें, हें मला मान्य आहे. मग दार उघडण्याचीच परीक्षा घ्यावी. आमच्या नाशकांत महाराष्ट्र पोलिस अकादमी आहे. पोलिस शिपायांच्या भरतींत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावून दाखवावें लागतें. ही परीक्षा कडक असली तरी प्रामाणिक आहे, कारण जें काम पुढें करावयाचें तेंच ती विचारते. फोनवर गोड बोलण्यासाठीं किंवा कविता शिकविण्यासाठीं कमरेचा घेर विचारणें यांत तसा प्रामाणिकपणा नाहीं.

आणि दिसण्यावरून केलेलें अनुमान किती फसवें असतें! २०१७ सालीं मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशीं एका प्रसिद्ध लेखिकेनें एका अतिस्थूल पोलिस अधिकाऱ्याचें छायाचित्र, मुंबईंतील 'भारी' बंदोबस्ताचा विनोद करून, प्रसिद्ध केलें. तो अधिकारी मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेशचा होता. आपलें वजन खादाडपणानें नव्हे, आजारानें वाढलें आहे, असें त्यानें शांतपणें उत्तर दिलें. पुढें मुंबईंतच त्याच्यावर वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या विनोदाला हसणारे आणि आमच्या खोलींतल्या खुर्चीला हसणारे एकाच जातकुळीचे.

बरें, ज्या आंकड्यावर एवढा भरंवसा त्याची तरी कुळी काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेल्जियमच्या केटेले नांवाच्या खगोलशास्त्रज्ञानें तो काढला, आणि तोही रोगी तपासण्यासाठीं नव्हे, तर 'सरासरी माणूस' शोधण्यासाठीं. १९७२ सालीं अॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकानें त्याला आजचें नांव दिलें. २००४ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय माणूस आंतून लठ्ठ असूं शकतो, हें त्यांनीं स्वतःच्या देहाच्या साक्षीनें दाखविलें. मेद निरुपद्रवी आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. मधुमेह आणि हृदयविकार आपल्या घराघरांत शिरले आहेत. पण तो प्रश्न रोगी आणि वैद्य यांच्यांतला. ज्या आंकड्याला चरबीसुद्धां नीट सांगतां येत नाहीं, त्याला उद्योग, बुद्धि आणि निष्ठा कोठून सांगतां येणार?

हें दुखणें केवळ आपल्याकडचें नव्हे. जॉन कॉली या अर्थशास्त्रज्ञानें २००४ सालीं दाखविलें कीं, अमेरिकेंतील गोऱ्या स्त्रियांमध्यें सुमारें तीस किलो वजन अधिक असलें तर पगार सुमारें नऊ टक्के कमी आढळतो. मिशिगन राज्यानें १९७६ सालीं आणि न्यूयॉर्क शहरानें २०२३ सालीं वजनावरून नोकरींत भेदभाव करण्यास कायद्यानें बंदी केली. आपल्या संविधानाच्या सोळाव्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास हीं सारीं आहेत, वजन नाहीं. कायदा झाला तर मला आनंदच होईल. परंतु 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यांत तीनाचा आंकडा लिहिणाऱ्या हाताला तो कोठें पकडणार? माझ्या मनांत जें होतें तें मलाच दिसलें नव्हतें.

अखेर पत्र लिहिलें. त्यांत 'उत्साही' हा शब्द मीं घातला नाहीं. कॉलेजांत असतांना तिनें दोन वर्षें, एकही संध्याकाळ न चुकवितां, अंध विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकें वाचून दाखविलीं होतीं. तेवढेंच तारखांसह लिहिलें. तिनें तें ट्रॅकवरच उभ्या उभ्या वाचलें, घडी करून पिशवींत ठेवलें, आणि म्हणाली, "हें मी विसरूनच गेलें होतें, सर." तिच्या अर्जाचें उत्तर अजून आलेलें नाहीं.

त्या दुसऱ्या बाईंना मात्र मीं काय लिहावें? त्यांचें नांवही आज मला आठवत नाहीं. कपाळावरचा घाम तेवढा आठवतो. यंदा पुन्हां एका निवड समितीवर बसण्याचा योग आला. कागद तोच, रकाने तेच. 'व्यक्तिमत्त्व म्हणजे येथें नक्की काय पाहावयाचें?' असें मीं विचारलें. सारे एकमेकांकडे पाहूं लागले. कोणापाशींच उत्तर नव्हतें. सायंकाळीं कागद गोळा करतांना कारकून म्हणाला, "सर, तुमचा एक रकाना भरावयाचा राहिला आहे."

"राहूं द्या," मी म्हणालों.