गाजर, चेंडू आणि डब्यातला इलेक्ट्रॉन

क्वांटम मेकॅनिक्स कुणालाच कळत नाही, असं म्हणायची एक फॅशन आहे. मग श्रोडिंगरचं मांजर येतं, समांतर विश्वं येतात, शेवटी कुणीतरी अद्वैतावर घसरतं. गप्पा झकास रंगतात, पण कागद-पेन्सिल कुणी हातात घेत नाही. माझं स्पष्ट मत सांगतो: हा विषय कळतो, पण गणितं सोडवणाऱ्यालाच.

मी इंजिनिअर. इथे अमेरिकेत पीएचडीला आलो तेव्हा हा कोर्स मला पदवीच्या पोरांबरोबर बसून करावा लागला. पुस्तक ग्रिफिथ्सचं. त्यात इतिहासाचं पाल्हाळ नाही. १९२६ सालचं श्रोडिंगरचं समीकरण सुरुवातीलाच समोर ठेवलंय, आणि त्याच्या अर्थाचा मोठा वाद पार शेवटी. दर आठवड्याला गणितं, आणि पुस्तकाच्या मागे उत्तरं नाहीत! बारावीपर्यंत गाईडवर वाढलेल्या माणसाला हा केवढा धक्का...

त्यातलं सगळ्यात साधं गणित म्हणजे डब्यातला कण. दोन पक्क्या भिंती, मध्ये एक कण. तंबोऱ्याची तार जशी दोन्ही टोकांना बांधलेली असते, तसा हा तरंग भिंतींपाशी शून्य असावाच लागतो. म्हणून डब्यात अर्धा तरंग मावतो, किंवा दोन अर्धे, किंवा तीन. मधलं काही नाही. आणि शून्य तर नाहीच, म्हणजे कण कधीच पूर्ण शांत बसत नाही.

आता यात आकडे घालू. एक नॅनोमीटरच्या डब्यात इलेक्ट्रॉन ठेवला, तर सगळ्यात 'शांत' अवस्थेतही त्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ३६० किलोमीटर. त्याच सूत्रात १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू आणि २० मीटरची खेळपट्टी घाला. विश्वाच्या जन्मापासून आजवरच्या १३८० कोटी वर्षांत तो चेंडू प्रोटॉनच्या व्यासाच्या तिसाव्या हिश्श्याइतकाही सरकत नाही. क्वांटम रोजच्या जगात का दिसत नाही, यावर मी भाषणं पुष्कळ ऐकली होती. हा भागाकार स्वतः केल्यावर पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण माझा भाचा. तिकडे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डब्यातल्या कणाचं डेरिव्हेशन त्याला तोंडपाठ आहे, मार्कही चांगले. पण परवा फोनवर म्हणाला, "मामा, मला यातलं काही कळत नाही. फिजिक्स आपलं काम नव्हे. बँकेच्या परीक्षा देतो." मी विचारलं, एक तरी आकडा काढलास का? तर पेपरात आकडे येतच नाहीत म्हणे! पोराची बुद्धी कमी नाही, त्याला फक्त कुणी हिशोब करायला लावला नाही. याचा मला खरंच राग येतो. असो.

मी त्याला एक गणित पाठवलं: गाजर केशरी का दिसतं? गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या रेणूत कार्बनची लांब साखळी असते. तिच्यावर सैलपणे फिरणारे २२ इलेक्ट्रॉन. साखळीची लांबी साधारण तीन नॅनोमीटर, तोच आपला डबा. एका पायरीवर दोघे, म्हणजे ११ पायऱ्या भरल्या. अकरावीवरून बारावीवर उडी मारायला किती ऊर्जा लागते, आणि ती कोणत्या रंगाच्या प्रकाशात असते? कर हिशोब.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "मामा, उत्तर तेराशे नॅनोमीटरच्या आसपास येतंय. हा तर अवरक्त प्रकाश. पण गाजर तर निळा शोषतं ना, साडेचारशेच्या आसपास? तीनदा तपासलं."

त्याचं उत्तर बरोबर होतं. डबाच सपाट नाहीये! साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे डब्याचा तळ खालीवर होतो आणि उडी मोठी होते. सायनाइन नावाच्या रंगद्रव्यांत बंध जवळपास सारखे असतात, तिथे हाच साधा डबा छान चालतो. पण हे मी त्याला लगेच सांगितलं नाही. एवढंच लिहिलं की साखळीतल्या बंधांची लांबी शोधून बघ.

बँकेचा फॉर्म त्याने भरलाय, भरू दे. पण काल रात्री, म्हणजे त्याच्या पहाटे, पुन्हा मेसेज होता. "मामा, तळ खालीवर असेल तर समीकरण कसं सोडवायचं?"