पगार विचारणारी मुलगी

प्रिय दादू,


परवा तुझ्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्सच्या मुलाखती चालू असताना तू मला शेजारी बसवून घेतलंस. "आत्या, तुझं सगळं आयुष्य वॉर्डात गेलंय, तूच सांग," म्हणालास. आणि मी काहीच बोलले नाही. तीन रात्री तेच मनात घोळतंय, म्हणून हे पत्र.

शेवटी दोन मुली उरल्या होत्या. दोघी जीएनएमचा नर्सिंग कोर्स केलेल्या, दोघींचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं. "नर्सिंगला का आलीस?" या तुझ्या प्रश्नावर पहिली म्हणाली, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा. दुसरीने सांगितलं, घरी पैशाची गरज होती आणि या कोर्सनंतर नोकरी लवकर लागते. मग तिने विचारलं, पगार किती, महिन्याला नाइट किती लागतात, सुट्टी कोणत्या वारी. ती बाहेर पडल्यावर तू म्हणालास, "हिच्यात सेवाभाव नाही."

दादू, मी १९७८ साली नर्सिंगला गेले तेव्हा माझ्यातही नव्हता. सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये विद्यावेतन मिळायचं, राहण्याजेवण्याची सोय व्हायची आणि घरात तुझ्या बाबांच्या शिक्षणाला पैसे लागत होते. मुलाखतीत मलाही हाच प्रश्न आला. मी ईश्वरसेवेचंच उत्तर दिलं, कारण वरच्या वर्गातल्या मुलींनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

ओढ नंतर लागली. बालविभागात अपुऱ्या दिवसांचं एक बाळ होतं. दर दोन तासांनी नळीने दूध द्यायचं, रोज सकाळी वजन करायचं. कधी दहा ग्रॅम वाढायचं, कधी तेवढंच उतरायचं. सुट्टीच्या दिवशीही मी त्याचं वजन विचारायला वॉर्डात जायला लागले. ते बाळ हातात येण्याआधी मुलाखतीच्या खोलीत ही ओढ मी कुठून आणून दाखवणार होते?

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सरकारी नोकरी लागण्याआधी अकरा महिने मी एका खासगी नर्सिंग होममध्ये होते. पगार थकायचा. मूळ सर्टिफिकेटं त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली होती, त्यामुळे सोडून जाता येईना. तिसऱ्या महिन्याचा पगार थकला तेव्हा मी रात्री एका घरी अंथरुणाला खिळलेल्या बाईंपाशी बसायला जाऊ लागले. दिवसा वॉर्डात डोळे मिटायचे. एका दुपारी मी सहा रुग्णांचं बीपी न घेताच सकाळच्या आकड्यांवरून चार्ट भरला. त्यांतल्या एका आजोबांचं बीपी संध्याकाळी एवढं उतरलेलं सापडलं की सगळ्यांची पळापळ झाली. ते वाचले. कामावरची माया तेव्हाही होती रे माझी. पण अंगात त्राण नव्हतं, आणि मायेने डोळे उघडे राहत नाहीत.

दिवा हातात धरून आम्ही ज्यांच्या नावाने शपथ घेतली त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल सधन घरच्या. वडील त्यांना वर्षाला ५०० पौंड देत, म्हणून लंडनमधलं पहिलं पद त्यांना बिनपगारी घेता आलं. पण १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी त्या ३८ जणींना घेऊन निघाल्या, त्यांतल्या १४ जणी इस्पितळांत राबून पोट भरणाऱ्या होत्या, आणि त्यांना पगार ठरवूनच नेलं होतं. आपल्या सरकारी मराठीतही सेवा म्हणजे पगारी नोकरीच. माझ्या सेवापुस्तकात ३५ वर्षांच्या वेतनवाढी लिहिलेल्या आहेत.

घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना मात्र २००५ पासून स्वयंसेविका म्हणतात आणि वेतनाऐवजी मानधन देतात. करोनात दारोदार फिरलेल्या या बायका जून २०२१ मध्ये संपावर गेल्या, राज्यभरातून सुमारे ७०,०००. त्यांच्या सेवाभावाबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणूनच त्यांच्या पैशाचा विषय इतकी वर्षं मागे राहिला, असं मला वाटतं.

आणि तू? एमडी करत असताना विद्यावेतनासाठी निवासी डॉक्टरांच्या मार्ड संघटनेच्या संपात बसला होतास. बरोबरच होतं ते. मी तुला डबा आणून दिला होता, आठवतंय? त्या आठवड्यातही तू मला अतिदक्षता विभागातल्या तुझ्या रुग्णांबद्दल सांगत होतास.

नुसत्या पैशाने चांगली नर्स मिळते, असं मी म्हणणार नाही. पगार वेळेवर, नोकरी कायम, आणि रुग्णाने बेल दाबली तरी खुर्चीतून न उठणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी भांडलेही आहे. पण त्या ओळखायला "का आलीस?" हा प्रश्न कामाचा नाही. कामाचं विचार. ड्यूटीवर आल्यावर आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना आधी काय बघतेस? शिकत असताना कोणता रुग्ण लक्षात राहिला, आणि का? डॉक्टरांनी घाईत पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेतून द्यायला सांगितलं तर काय करशील? या शेवटच्या प्रश्नावर जी मान खाली घालून "डॉक्टर सांगतील तसं" म्हणेल, तिला मी घेणार नाही, मग तिने कितीही गोड उत्तरं दिलेली असोत. आपल्या पगाराबद्दल तुझ्या डोळ्यात बघून विचारणारी मुलगी चुकीच्या डोसबद्दलही विचारेल, असं मला फार वाटतं. निदान तिला ते विचारून तर बघ.

तू तिला १२,००० सांगितलेस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० द्यावेत असं म्हटलं होतं. ती शिफारस आहे, हे मला कळतं. तीस खाटांचा हिशेब, मशीनचे हप्ते, विम्याची अडकलेली बिलं, हेही कळतं. म्हणून एकदम एवढे जमत नसतील तर किती जमतात आणि कधी वाढवशील ते लिहून दे. पगार ठरल्या तारखेला दे. आणि कुणाचंही मूळ सर्टिफिकेट आपल्या कपाटात ठेवू नकोस, माझी शपथ आहे.

त्या मुलीचा फोन नंबर तिच्या अर्जावर आहे, मी जाताना तो तुझ्या टेबलावर वरच ठेवला होता. तिला परत बोलाव. या वेळी पगाराचा आकडा तिने विचारायच्या आत तूच सांग.

तुझी,
आत्या