सरहद्द विचारत विचारत

‘‘सरहद्द कुठाय?’’ सायकल स्टँडवर लावता लावता अण्णांनी विचारलं. मुलगी हसली आणि तिनं त्यांच्या पायाशी बोट दाखवलं. तिथं एक ओढा वाहत होता. लहान पोरानंही उडी मारून पार करावा, एवढाच. त्याचं नाव टानबाख. या ओढ्यानं म्योडलारॉइट या जेमतेम पन्नासेक वस्तीच्या गावाचे दोन तुकडे केले होते. एक पश्चिम जर्मनीत, दुसरा पूर्व जर्मनीत.

अण्णा सदुसष्ट वर्षांचे. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. मुलगी न्यूरेंबर्गला नोकरी करते. तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले वडील घरात बसून कंटाळतात, हे तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. तिनं बसच्या सहलींची माहितीपत्रकं पुढे टाकली. अण्णांनी ती चाळली आणि विचारलं, ‘‘त्यापेक्षा सायकल मिळेल का गं?’’ मग दोन जुन्या सायकली आल्या. अण्णांनी दोन्ही पूर्ण उघडल्या, ग्रीस भरलं, ब्रेक नीट केले. दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

वाट मुलीनंच निवडली होती. बॅरेंट्स समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत, वीस देशांतून, जुन्या पोलादी पडद्याच्या कडेकडेनं दहा हजार किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग आखलेला आहे. त्याला ‘युरोवेलो १३’ म्हणतात. युरोपीय संसदेचे तेव्हाचे जर्मन सदस्य मिखाएल क्रामर यांनी त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला. दोन जर्मनींमधली सीमा त्यातली सुमारे चौदाशे किलोमीटरांची. बापलेकींनी त्यातले चारेकशे किलोमीटर दहा दिवसांत करायचे ठरवले होते.

म्योडलारॉइटमध्ये १९६६ साली सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. पलीकडच्या घराकडे पाहून हात हलवायलाही पूर्वेकडच्यांना मनाई होती. डिसेंबर १९८९ मध्ये भिंतीत वाट उघडली. आज तिचा एक तुकडा संग्रहालयात जपून ठेवलाय. गंमत अशी, की गाव अजूनही दोन राज्यांत आहे. अर्धं बव्हेरियात, अर्धं थुरिंगियात. ओढ्याच्या एका बाजूला ‘ग्रूस गॉट’ म्हणून नमस्कार होतो, दुसऱ्या बाजूला ‘गुटेन टाग’ म्हणून. अण्णांनी दोन्ही पाठ केले आणि दिवसभर नेमके उलटसुलट वापरले.

संग्रहालयातली एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात अडकून राहिली. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीनं सीमेलगत पाच किलोमीटरचा पट्टा बंद केला. त्यातला अगदी आतला पाचशे मीटरचा भाग आणखी कडक पहाऱ्याचा आणि दहा मीटरची पट्टी तर नांगरून मोकळी ठेवलेली, पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून! ‘भरवशाचे नाहीत’ असं ठरवलेल्या हजारो माणसांना त्या पट्ट्यातून काही तासांच्या सूचनेवर हलवलं गेलं. मुलगी हे वाचून दाखवत होती. अण्णा म्हणाले, ‘‘भांडी तरी घेऊ दिली का त्यांना?’’ तिला या प्रश्नाचा रोख कळला नाही.

पुढचे चार दिवस चढ-उतारांचे होते. वाचकांनी युरोपातल्या सायकलमार्गांचे गुळगुळीत फोटो पाहिले असतील. इथं काही ठिकाणी पहारेकऱ्यांच्या गाड्यांसाठी टाकलेले भोकांचे काँक्रीटचे ठोकळे अजून तसेच आहेत. भोकांतून गवत वर येतं, चाक त्यात धडधडतं आणि कंबर सांगते, की सीमा इथूनच गेली होती. तिसऱ्या दिवशी मुलीच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला. अण्णांनी रस्त्याच्या कडेला बसून अर्ध्या तासात चाक सरळ केलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची कळी खुलली. दोन्ही बाजूंना दाट झाडी होती. तारा नि सुरुंग गेल्यावर या पट्ट्यात जंगल वाढू दिलंय. जिथं माणसाला बंदी होती, तिथं पक्षी आणि फुलपाखरं टिकून राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी हेल्डबुर्गजवळ बिलमुटहाउझेनची पाटी दिसली. पाटी होती, गाव नव्हतं. सीमेला फार जवळ, म्हणून हे गाव हळूहळू रिकामं केलं गेलं. १९६५ मध्ये चर्च पाडलं, १९७८ मध्ये उरलीसुरली घरं. शिल्लक राहिली ती दफनभूमी आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा एक उंच खांबासारखा बुरूज.

मुलगी फोटो काढत होती. अण्णा एका थडग्याशी उकिडवे बसून भोवतालचं गवत उपटायला लागले.

‘‘अण्णा, राहू द्या. इथली माणसं करतात ते.’’

‘‘असू दे गं. हात रिकामे आहेत.’’ थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘‘इथं पाय ठेवायला जमीन तरी आहे. आपल्या गावावर उभं राहायचं, तर होडी लागते.’’

गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, एवढंच तिला ठाऊक होतं. अण्णा तेव्हा पाच वर्षांचे होते. घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. निघाला तरी आजी चुलीकडे वळायची. आज तिनं विचारलं, ‘‘आजीनं भांडी आणली होती का?’’

‘‘भांडी आणली. जातं राहिलं. जड होतं.’’

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत अण्णांनी नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीनं गाव काढायला घेतलं. नदी आली, देऊळ आलं, पार आला. स्वतःचं घर मात्र दोनदा काढून दोनदा खोडलं. नदीच्या अलीकडे, की पलीकडे? शेवटी म्हणाले, ‘‘आक्काला फोन लाव. ती मोठी होती, तिला आठवत असेल.’’

‘‘तिकडे रात्रीचा एक वाजलाय, अण्णा.’’

‘‘मग सकाळी.’’

सकाळी सायकलींत हवा भरायच्या आधी फोन लागला. घर अलीकडे होतं, देवळाच्या मागे, तिसरं. अण्णांनी ते काढलं, नकाशा घडी करून कॅरिअरवरच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, ‘‘आज किती किलोमीटर?’’