एकट्याची म्हादेई

धारवाडात ‘म्हादेई’ म्हटले की आठवतो आमचा कोरडा नळ. खानापूरच्या डोंगरात उगम पावून गोव्याकडे वळणारी ही नदी. तिचे पाणी इकडे यावे म्हणून केवढी आंदोलने झाली! तिच्याच नावाची नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. २००९ साली कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. चार बंदरे करून नऊ महिन्यांनी मुंबईस परतले. खलाशी तेच, आचारी तेच, सुतारही तेच. बांधणीत स्वतः राबल्यामुळे नौका अंतर्बाह्य ओळखीची.

मी या घरात ३० वर्षे राहतो. परवा पाणी आले आणि नळ गळू लागला, तर पान्हा कुठे असतो हेच मला ठाऊक नाही! पत्नीला ठाऊक होते. सापडला तो तांदळाच्या डब्यामागे, तिच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला.