मेंदूचा वाकनीस

माझ्या उमेदवारीच्या काळात साठी उलटलेले एक शेतकरी गृहस्थ आमच्या कक्षात दाखल झाले होते. मेंदूच्या उजव्या गोलार्धाचा रक्तपुरवठा तुंबून त्यांचे सर्व डावे अंग लुळे पडले होते. तथापि 'काका, दोन्ही हात वर करा पाहू,' असे मी सांगताच त्यांनी उजवा तेवढा उचलला आणि हुकमाची तामिली झाल्याच्या समाधानाने ते माझ्याकडे पाहू लागले.

'डावा कुठं उचललात?'

'उचलला की!'

तो निर्जीव हात मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हा क्षणभर निरखून ते म्हणाले, 'ह्यो माझा न्हवं. थोरल्याचा असंल.' थोरला भाऊ त्या वेळी चाळीस कोसांवर आपल्या शेतात होता.

गृहस्थ खोटे बोलत नव्हते आणि वेडेही नव्हते. ज्वारीचा भाव, नातवंडांची नावे, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, सारे त्यांना मुखोद्गत होते. बाबिन्स्की या पॅरिसच्या वैद्याने १९१४ साली या अवस्थेला 'अ‍ॅनोसॉग्नोसिया', म्हणजे व्याधीचे अज्ञान, असे नाव दिले. मन हे मेंदूच्या घरात राहणारे बिऱ्हाड आहे, अशी आपली सर्वांची जी परंपरागत समजूत असते, तिला या एका व्याधीने मोठाच धक्का बसतो. कारण घराची भिंत ढासळली तर बिऱ्हाडकरूला निदान तिची वार्ता तरी असावी, आणि येथे तर भिंत व भिंतीची वार्ता ही दोन्ही एकदमच नाहीशी होतात.

यकृतातून जसे पित्त स्रवते तसा मेंदूतून विचार स्रवतो, असे कार्ल फोग्ट नामक जर्मन पंडिताने गेल्या शतकाआधीच्या शतकात ठणकावून सांगितले होते. मला ही उपमा कधीच मानवली नाही. पित्त बाटलीत भरता येते. सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाच्या या अवयवातील ८,६०० कोटींच्या आसपास मज्जापेशी जे करतात ते द्रव्य नव्हे, तो व्यवहार आहे, आणि व्यवहाराला यकृतापेक्षा दफ्तराची उपमा अधिक शोभते. मात्र या दफ्तरात सर्व कागद पाहून सही करणारा कोणी धनी आढळत नाही. आढळतो तो वाकनीस. शिवकालात राजाच्या दिनचर्येची नोंद ठेवणारा हा अधिकारी. मेंदूतला वाकनीस मात्र राजा नसतानाही रोजनामा लिहीत राहतो, आणि तोही प्रथमपुरुषी!

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अपस्माराच्या रुग्णांनी दिला. झटके एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून, दोहोंना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा सेतू शस्त्रक्रियेने तोडण्याचा उपाय १९६०च्या दशकात लॉस एंजेलिस येथे बोगेन आणि फोगेल यांनी अवलंबिला, आणि अशा रुग्णांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्पेरींचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांनी पुढे अशाच एका तरुण रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य आणि डाव्याला कोंबडीचा पंजा दाखविला, व समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडावयास सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली; उजव्या गोलार्धाच्या ताब्यातील डाव्या हाताने फावडे. बोलणारा गोलार्ध डावा, आणि त्याने बर्फ पाहिलेच नव्हते. फावडे का, असे विचारता त्याने 'ठाऊक नाही' असे म्हणावयास हवे होते. परंतु पंजा कोंबडीचा आणि खुराडे साफ करावयास फावडे लागते, अशी कैफियत त्याने निःशंकपणे सादर केली. मूळ कागद हाती नसताना केलेली ही मखलाशी, आणि ती करणाऱ्याला ती मखलाशी आहे याचा गंधही नाही. आपण रागावतो, लग्न ठरवितो, नोकरी सोडतो, तेव्हा दिलेली कारणे तरी या फावड्याहून कितपत वेगळी असतात, अशी शंका मला निजानीज झाल्यावर पुष्कळदा येते.

आमच्या रुग्णाकडे परत येतो. डाव्या कानात थंड पाणी सोडले असता तोलाच्या इंद्रियामार्फत उजवा गोलार्ध चाळवला जातो आणि हे अज्ञान काही काळ मावळते, असे १९८७ साली इटलीतील मज्जावैद्यांनी नोंदविले होते. कानात पाणी सोडणे ही आमची नेहमीची तपासणी. ती मी केली. काकांचे डोळे डावीकडे ओढले जाऊ लागले, किंचित भोवंडही आली. जरा सावरल्यावर मी हाताविषयी पुन्हा विचारले.

'चालत न्हाई, डाक्टर.'

'कधीपासून?'

'आठ दिस झालं. पडलो तवापास्नं.'

म्हणजे आठही दिवसांची नोंद कोठेतरी, कोणत्यातरी फडताळात, तारीखवार होत होती. वाकनिसाच्या चौकीपर्यंत तेवढी ती पोचत नव्हती. मी उत्साहाने वरिष्ठांना बोलावून आणले, पण तोवर अर्धा तास लोटला होता. काका उजव्या हाताने डाव्या हातावरची चादर नीट करीत होते. आम्हांला पाहताच त्यांनी विचारले, 'थोरला आला का? त्येचा हात न्यायचा ऱ्हायलाय.'